चिबड: पाणी आणलं, पण घालवायचं राहिलं

आजचा भाग मातीवर आहे. इतिहासाच्या कार्यक्रमात माती कशाला, असं काही जण म्हणतील. त्यांनी फक्त पहिली पाच मिनिटं ऐकावं, आणि वाचणाऱ्यांनी दोन परिच्छेद वाचावेत. कारण या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

मी मूळचा देवळाली कॅम्पचा. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि पुढचं जवळजवळ दीड वर्ष तिथेच राहिलो. भगूरच्या बाजूला, दारणेच्या काठी आमची वडिलोपार्जित जमीन आहे, अडीच एकर. ती कसतात नाना, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्या जमिनीतून एक जुना चर तिरका जात होता. वरच्या माळाकडून यायचा आणि खाली नदीकडच्या ओहोळाला मिळायचा. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये गवत. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत.

मला तो चर खुपायला लागला. त्याच्यामुळे शेताचे दोन वाकडे तुकडे झाले होते. मी सॅटेलाइटचा फोटो काढला, त्यावर रेघा मारल्या आणि नानांना दाखवलं, की हा बुजवला तर सात-आठ गुंठे जमीन वाढेल, शेत चौकोनी होईल, ठिबकच्या नळ्या सरळ टाकता येतील.

नाना म्हणाले, "अरे, तो आपल्या आधीपासूनचा आहे. राहू दे."

मी म्हणालो, "नाना, तुम्हीच सांगा, गेल्या पाच वर्षांत त्यातून पाणी वाहताना किती वेळा बघितलंत?"

ते गप्प बसले. २०२१ च्या मे महिन्यात जेसीबी आणला आणि दोन दिवसांत चर सपाट झाला. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

त्या पावसाळ्यात सोयाबीन गुडघ्याएवढं होऊन पिवळं पडलं. आम्ही म्हटलं, रोग असेल, फवारणी केली. २०२२ च्या जुलैत पाऊस जोरात झाला. आजूबाजूची शेतं चार-पाच दिवसांत वाफशावर आली, आमच्यात तीन आठवड्यांनीही पाय घोट्यापर्यंत रुतत होता. कांद्याचं रोप लावायचं होतं, ते टाकून द्यावं लागलं. नानांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "जमीन चिबडली."

हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो तेव्हा. चिबड. पाणी धरून ठेवणारी, निचरा नसलेली, आतून कुजल्यासारखी झालेली जमीन. या एका शब्दामागे केवढा इतिहास आहे, ते शोधायला मी त्यानंतर लागलो.

आधी माती समजून घेऊ. नाशिक जिल्ह्यात जमिनीची चार जुनी नावं आहेत: काळी, माळ, कोरळ आणि बरड. आमच्या भागात कॅम्प आहे माळावर. खाली मुरूम, पाऊस थांबला की तासाभरात रस्ता कोरडा. तिथून उतारानं दारणेकडे गेलात की काळी सुरू होते. नदीकाठची ही काळी हजारो वर्षं पुरानं आणून टाकलेल्या बारीक गाळाची आहे. पूर ओसरताना जड वाळू लवकर खाली बसते. सगळ्यात बारीक कण संथ पाण्यात, नदीपासून जरा लांब बसतात. म्हणून काठाला लागून पोयटा मिळतो आणि थोडं आत गेलं की चिकण काळी. आमचं शेत नेमकं तिथे.

या मातीतला चिकण कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. बसाल्ट खडक झिजून जी चिकणमाती होते, तिच्या कणांची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते. पाणी पत्त्यांच्या मध्ये शिरतं आणि कॅट फुगतो. वाळला की आक्रसतो. म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो, आपल्याला वाटतं जमीन किती पाणी पिते! पण एकदा माती फुगली, भेगा मिटल्या, की दार बंद. वरून पाणी आत जात नाही आणि आतलं बाहेर निघत नाही.

आणखी एक गैरसमज. काळी म्हणजे सेंद्रिय कर्बानं भरलेली, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्याकडच्या बहुतेक काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्याही खाली असतो. काळा रंग येतो तो थोडासाच कर्ब चिकण कणांना घट्ट चिकटून बसल्यामुळे.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही शेतात माणूसभर खड्डा घेतला. वरचा फूटभर थर ढेकळांचा. त्याखाली माती तिरप्या पाट्यांमध्ये निघत होती आणि त्या पाट्यांवर तेल लावल्यासारखी चकाकी होती. फुगताना मातीचे थर एकमेकांवर घासतात, त्याची ती चकाकी. मध्ये मध्ये चुनखडीचे पांढरे खडे. आणि अडीच-तीन फुटांवर राखाडी डाग, त्यांच्या कडेने गंजासारख्या तांबड्या रेघा. हे डाग म्हणजे पाण्याची हजेरीवही. मातीत हवा असली की लोह गंजतं, तांबूस दिसतं. पाणी साचून हवा संपली की तेच लोह विरघळतं आणि माती राखाडी पडते. मुळं तिथे गुदमरतात. टाकलेल्या युरियातलं नत्रही अशा जमिनीत वायू होऊन उडून जातं. सोयाबीन पिवळं का पडलं, याचं उत्तर त्या डागांत होतं. आम्ही मात्र औषध फवारत होतो.

आता इतिहासाकडे येतो.

आपल्या जुन्या कागदपत्रांत गावासाठी एक जोडी येते: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या वस्तीच्या राखेनं, शेणामातीनं, पडक्या भिंतींनी बनलेली ती पांढरी, बहुधा जरा उंचावर. पिकवायचं काळीत आणि राहायचं पांढरीवर, हे लोकांनी कोणत्याही कमिशनच्या अहवालाशिवाय ठरवलेलं होतं. काळ्या मातीवर घर बांधलं की भिंतीला तडे जातात, आणि पावसात दारापर्यंत चिखल येतो. वाफसा हा शब्दही त्याच अनुभवातून आलेला. ओली असताना नांगर घातला तर माती लिंपल्यासारखी होते, वाळल्यावर घातला तर फाळ तुटतो. मधले जे थोडे दिवस मिळतात तो वाफसा. काळ्या रानात हे दिवस फार कमी असतात, आणि निचरा बिघडला की तेही जातात.

ब्रिटिशांना निचऱ्याचा धडा मिळाला तो फार लांब, आजच्या हरयाणात. पश्चिम यमुना कालवा दुरुस्त करून त्यांनी कर्नाल भागात पाणी खेळवलं. काही वर्षांतच कर्नालची लष्करी छावणी तापानं पोखरून निघाली, आणि १८४३ मध्ये ती सोडून द्यावी लागली. मग बेकर, डेम्प्स्टर आणि यूल अशा तिघांची समिती नेमली गेली. डेम्प्स्टर डॉक्टर होते. गावोगाव जाऊन लोकांची प्लीहा वाढली आहे का, हे त्यांनी हातानं तपासलं. हिवतापाचं प्रमाण मोजायची ही पद्धत पुढे जगभर वापरली गेली. १८४७ च्या त्यांच्या अहवालाचा मतितार्थ असा, की नुसता कालवा दोषी नाही. जिथे माती चिकण आहे आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडल्या आहेत, तिथे रोग आहे. डासाचा हिवतापाशी संबंध सिद्ध करणारं रोनाल्ड रॉस यांचं काम १८९७ चं, म्हणजे पन्नास वर्षं पुढचं. पण निचरा हवा, हे त्यांना त्याआधीच कळलं होतं. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७३ मध्ये जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'कॅनॉल अँड ड्रेनेज' असे दोन्ही शब्द होते.

आमची देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली. त्याच काळात, १८५९ मध्ये, हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्यावर रॉयल कमिशन बसलं होतं. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी निचरा, पाणी आणि बराकी यांवर भरपूर लिहिलं. बराकी कोरड्या जागी हव्यात, हा त्या काळच्या लष्करी विचाराचा गाभा होता. देवळालीच्या बराकी दारणेच्या काळीत नाहीत, वरच्या मुरमाड माळावर आहेत. पुढे इथे सॅनेटोरियमं आली, मुंबईची माणसं हवापालटाला यायला लागली. हवा चांगली, हे आम्ही लहानपणापासून अभिमानानं सांगतो. त्या हवेच्या खाली मुरूम आहे, हे कोणी सांगत नाही.

मग दख्खनमध्ये काय झालं? इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. कर्नालचा धडा माहीत असूनही तीच चूक पुन्हा झाली.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर या दुष्काळी पट्ट्यात पाणी आलं. ऊस आला, पैसा आला. पण पाणी घालवण्याची व्यवस्था कालव्याबरोबर झाली नाही. जमिनीखालची पाणीपातळी वर चढत गेली. कालव्याचं पाणी गोडं होतं. क्षार मातीतच होते, खोल दडलेले. पाणी वर येताना ते घेऊन आलं, उन्हानं पाण्याची वाफ झाली आणि क्षार पृष्ठभागावर राहिले. उसाच्या रानात पांढरी खपली धरली. सोडियम वाढला की चिकण कण एकमेकांपासून सुटतात, माती साबणासारखी होते. त्याला आपण चोपण म्हणतो. चिबड हा बऱ्याचदा आधीचा टप्पा, चोपण पुढचा.

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर पुस्तिका काढली. हेच मान पुढे १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास करून प्रसिद्ध झाले. तेच पिंपळे सौदागर, जिथे आज आमच्यासारखे आयटीवाले फ्लॅट घेतात.

याच्या थोडं आधी एका इंजिनिअरनं दुसऱ्या बाजूनं हात घातला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली. विशीतला मुलगा. मी चर बुजवला तेव्हा साधारण त्याच वयाचा होतो, हे वाचून जरा लाज वाटली. पुढे पुणे भागात कालव्यांचं काम बघताना त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या बागायतदारांनी ओतून घेण्यापेक्षा जास्त गावांत आखून दिलेल्या ब्लॉकमध्ये, पाळीपाळीनं द्यायचं, आणि ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा. पाणी जपून वापरलं की जमीनही वाचते, हा त्यातला हिशेब.

पण नुसतं कमी पाणी देऊन भागणार नव्हतं. १९१६ मध्ये मुंबई सरकारनं पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग काढला. आज खडकवासल्याला जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिचं मूळ तेच. धरणांची भलीमोठी मॉडेल तयार करणारी ती संस्था जन्माला आली ती कालव्याचं पाणी आणि शेती यांची सांगड बसवण्यासाठी. त्या विभागातले इंजिनिअर क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या चिबड जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९२८ मध्ये निचऱ्यावरचा त्यांचा तांत्रिक अहवाल आला.

त्या कामातून निघालेली एक गोष्ट माझ्या थेट उपयोगाची ठरली. काळ्या मातीतून पाणी आडवं जवळपास सरकतच नाही. ते सरकतं खालच्या मुरमातून. वरच्या उताराला मुरलेलं पाणी मुरमाच्या थरातून खाली येतं, सखल भागात काळीच्या खाली अडकतं आणि वर दाबायला लागतं. म्हणून चर नुसता काळीत खणून उपयोग नाही. तो मुरमापर्यंत पोचला पाहिजे.

हे वाचायच्या आधी, खड्डा घेतल्यानंतर महिन्याभरात, आम्ही चर परत काढला होता. पण जमीन वाया जायला नको म्हणून दोनच फूट खोल. त्या पावसाळ्यात वरचं पाणी वाहून गेलं, शेत मात्र आतून ओलंच राहिलं. मग मी नानांना विचारलं, जुना चर किती खोल होता? ते म्हणाले, "आमच्या लहानपणी त्यात उतरलं की डोकं दिसायचं नाही. तळाला मुरूम होता, पाय टोचायचे."

पुस्तकातलं आणि नानांचं एकच होतं. फरक इतकाच, की नानांना मी विचारलंच नव्हतं. 'पाणी वाहताना किती वेळा बघितलंत' असं विचारून त्यांना गप्प केलं होतं. चराचं खरं काम डोळ्यांना दिसत नव्हतं. कॅम्पच्या माळावर मुरलेलं पाणी तो तळातून हळूहळू नदीकडे नेत होता.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या रेघेवर साडेपाच-सहा फूट खोल गेलो. मुरूम लागला त्या दिवशी, भर एप्रिलमध्ये, तळाला पाणी पाझरायला लागलं. नाना काठावर बसून बराच वेळ ते बघत होते. त्या वर्षी वरच्या दीड एकरात वाफसा वेळेवर आला. खालचा एकर अजून सुधारलेला नाही.

कारण खालचा एकर आमच्या एकट्याच्या हातात नाही. आमचा चर ज्या ओहोळाला मिळतो, त्याच्या पुढच्या भागात आता प्लॉट पडलेत. ओहोळावर भराव आहे, त्यात एक बारका पाइप टाकलाय. मोठा पाऊस झाला की पाणी तिथून उलटं फिरतं. मी जे अडीच एकरांत केलं, तेच तिथे जरा मोठ्या मापात झालंय. आणि बुजवणाऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला असणार: त्यातून पाणी वाहताना कुणी बघितलंय?

याच नदीवर खाली गेलं की हीच गोष्ट आणखी मोठी होते. दारणेवरचं धरण १९१६ चं. दारणा पुढे दारणासांगवीला गोदावरीला मिळते, आणि गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. तिथून निघालेल्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता हा भाग बागायती केला. बंधाऱ्यामागे मात्र शंभर वर्षं गाळ बसत गेला. त्या उथळ गाळाच्या पाणथळीत पक्षी आले, १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. आणि त्याच पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी-सायखेड्यात २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर घरांत शिरला. बंधाऱ्यात साचलेल्या गाळाकडे तिथले लोक बोट दाखवतात. फ्लेमिंगोला जो गाळ हवा, तोच गावाला नको. सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण पाणी आणताना ते जाणार कुठे, हा प्रश्न उशिरा विचारला की उत्तर महागच मिळतं.

चिबड जमीन परत आणता येते, हेही सांगितलं पाहिजे. सांगली-कोल्हापूरकडे, विशेषतः शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या परिसरात, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून शेतकऱ्यांनी क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली आहेत. तिथली मेख पाइपात नाही. वरच्यानं पाइप टाकला तर पाणी खालच्याच्या बांधावर येतं. म्हणून सगळ्यांनी मिळून, गावाच्या नाल्यापर्यंत एकत्र काम करावं लागतं. कालवा सरकार एकटं बांधू शकतं. निचरा एकट्याला करता येत नाही.

आमच्या खालच्या एकराचं काय करायचं, यावर घरात बोलणं चालू आहे. विकत घ्यायला लोक येतात. बाबा म्हणतात विकून टाकू. नाना काही बोलत नाहीत. मी प्लॉटवाल्यांच्या दोन बैठकांना जाऊन आलो, गावनकाशा घेऊन. त्यात तो ओहोळ स्पष्ट दाखवलेला आहे. पहिल्या बैठकीत लोक हसले. दुसऱ्या बैठकीत एका आजींनी सांगितलं, की त्यांच्या नव्या घराच्या जोत्याला दोन्ही बाजूंनी तडा गेलाय. मग नकाशा टेबलावर नीट पसरला गेला.

तुमच्या शेतात किंवा सोसायटीच्या मागे असा एखादा वाकडा, रिकामा, कोरडा चर असेल, तर तो बुजवण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, की तो किती खोल होता. आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.

आजच्या भागात एवढंच. भेटू पुढच्या भागात.